साक्षीची फळी

१

ओदील सकाळी कारखान्यात आली की आधी कोट खुंटीला लावायची, मग बोटातली अंगठी काढून ॲप्रनच्या खिशात टाकायची, आणि मगच ओल्या खोलीचं कुलूप उघडायची. लाखेची घोटाई करणाऱ्यानं अंगठी घालायची नाही, हा धंद्यातला पहिला नियम. एक ओरखडा पडला की महिन्याभराची मेहनत मातीत.

ओली खोली अंगणापलीकडे होती. तिला खिडकी नव्हती. भिंतींवर गोणपाटं टांगलेली आणि ती सकाळ-संध्याकाळ भिजवायची. लोकांना वाटतं, काहीही वाळायचं तर ऊन लागतं. लाखेचं सगळंच उलटं. ही किड्यांची लाख नव्हे, मुळात झाडाचा चीक. कोरड्या हवेत नुसती चिकट राहते आणि दमट अंधारात दगडासारखी घट्ट होते. पॅरिसमध्ये हे फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. लढाईच्या दिवसांत विमानांच्या लाकडी पंख्यांवर लाख चढवायला सरकारनं पूर्वेकडच्या वसाहतीतून, तोंकिनहून, माणसं आणली, तेव्हा कुठे इथल्या लोकांच्या डोक्यात उजेड पडला. लढाई संपली, बहुतेक जण आपल्या गावी गेले. थुआन राहिला. का राहिला, तर ओदीलमुळे.

त्यांचं जमलं तेच मुळी एका पंख्यावर. लाखेचा शेवटचा हात नंतर नुसत्या तळव्यानं घोटतात. तेलाचा थेंब, शिंगाची राख, आणि माणसाची कातडी, बस्स. थुआन डावखुरा, म्हणून तो डाव्या टोकाकडून निघायचा. ओदील उजव्या. मधोमध गाठ पडायची. आणि तिथे एक रीत होती. शेवटचा हात फिरवण्याआधी दोघांनी एकमेकांच्या तळव्याला तळवा लावून घासून बघायचं. तळव्याला राखेचा एखादा कण चिकटलेला असेल तर तो ज्याचा त्याला कळत नाही, दुसऱ्याला कळतो. आता, विशीतल्या पोरापोरीनं दिवसातून चारदा एकमेकांचे तळवे तपासले तर पुढे काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको. मुकादम म्हणायचा, "ह्या दोघांच्या तळव्यांना कण फार लागतात बुवा!"

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली होती. थुआन पानगळीच्या दिवसांत न्यूयॉर्कला गेला होता. पंचवीस सालच्या मोठ्या प्रदर्शनापासून तिकडच्या श्रीमंतांना पॅरिसच्या लाखकामाचं वेड लागलं होतं. त्यातल्या एकाच्या जेवणघरासाठी चार काळ्या फळ्या गेल्या, प्रत्येक माणसाहून उंच, आणि त्यांच्याबरोबर त्या बसवून तिथेच शेवटची घोटाई करायला थुआन. नाताळापर्यंत येतो म्हणाला होता. नाताळ होऊन गेला, वर्ष बदललं, आणि तो काही आला नाही.

चार फळ्यांबरोबर एक पाचवी नेहमी करतात. तिला साक्षी म्हणतात. त्याच भांड्यातली लाख, तीच नक्षी, तेच थर, त्याच दिवशी. ती गिऱ्हाइकाला जात नाही; कारखान्यातच राहते. तिकडे कुठे टवका उडाला तर रंग जुळवायला. काम पसंत पडल्याचा निरोप आला की साक्षी खरडून टाकायची आणि तिचं लाकूड पुढच्या कामाला घ्यायचं. तिची घोटाई कधी करत नाहीत. साक्षी शेवटपर्यंत मंदच राहते, शाळेतल्या फळ्यासारखी.

जानेवारीतल्या त्या सकाळी ओदीलनं गोणपाटं भिजवली, दिवा वर उचलला आणि साक्षीकडे बघितलं. डावी कड चमकत होती. जेमतेम तळव्याएवढ्या रुंदीची पट्टी, वरपासून खालपर्यंत. बाकी सगळी फळी मंद.

तिला आधी राग आला. कोणीतरी कुलूप उघडून आत शिरलंय, एवढंच तिच्या मनात आलं.

२

संशय अर्थातच थट्टेखोर हाओकाकांवर. हाओकाका थुआनच्याच गावचे, त्याच बोटीतून आलेले, आणि म्हातारपणी अंड्याची टरफलं फोडायच्या कामाला बसलेले. काळ्या लाखेत पांढरं काही हवं असेल तर टरफलाचे तुकडे चिमट्यानं एकेक करून बसवतात. न्यूयॉर्कच्या फळ्यांवर उंचच उंच पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती होत्या आणि त्यांच्यामधून उड्या मारणारी हरणं. त्या इमारतींच्या खिडक्या म्हणजे हाओकाकांची टरफलं. नक्षी काढणारा माणूस कधी समुद्रापलीकडे गेला नव्हता. हाओकाकांनी तेव्हाच विचारलं होतं, "तिथे हरणं चरतात कुठे रे? गच्चीवर?"

"काका, साक्षीला हात कोणी लावला?" ओदीलनं विचारलं.

"मला कशाला विचारतेस? किल्ली तुझ्या कमरेला."

"एक थुआनपाशी आहे."

"मग त्याला विचार. तिकडून लांब हात करून घोटत असेल बिचारा. बायकोची आठवण येत असेल." म्हातारा खुसुखुसु हसला. "जा ग पोरी, दमटपणानं तेल वर आलं असेल."

"तुम्ही या आणि बघा."

हाओकाका कुरकुरत उठले, अंगण ओलांडून आले. दिवा कडेला धरून त्यांनी चमक तिरपी बघितली. तळव्याची घोटाई जाणत्याला वाचता येते. प्रत्येकाचा हात कसा वळतो, कुठे भार देतो, ते चमकेत अगदी बारीक दिसतं. थुआनचा हात वर जाताना जरा बाहेर झुकायचा. ओदीलनं तो कुठेही ओळखला असता.

हाओकाकांनी दिवा आणखी जवळ नेला. हसू कधीच मावळलं होतं.

"त्याचाच आहे ना?" ओदील म्हणाली.

"त्याचाच," म्हातारा म्हणाला. मग दिवा खाली घेतला. "पण अरुंद आहे. पुरा तळवा टेकलेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, दमला असेल. दार लाव, ओल जातेय."

पुढे ते टरफलांपाशी जाऊन बसले आणि दिवसभर तेच तुकडे चिमट्यानं उलटसुलट करत राहिले.

३

दुसऱ्या सकाळी चमक आणखी पुढे सरकली होती.

ओदील काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नव्हती. तिची आजी ब्रिटनीची, आणि तिच्या गोष्टींत बुडालेले खलाशी ओल्या टोप्या घालून चुलीपाशी येऊन बसायचे. पण आजीला ऊन ऊन सूप देऊन झोपवलं की खलाशीही जायचे. ओदीलनं सरळ विचार केला. दमटपणा म्हणावा, तर तो एकाच बाजूनं का येईल? तेल वर आलं म्हणावं, तर डाग पडेल, घोटाई कशी होईल? माणूस म्हणावा, तर माणसाला पाय असतात. तिनं जाताना खोलीच्या फरशीवर शिंगाची राख चाळणीनं पसरली. सकाळी राखेवर एकही ठसा नव्हता, आणि चमक पहिल्या इमारतीपर्यंत पोचली होती.

शिवाय त्या चमकेत काहीतरी होतं. घोटलेली काळी लाख आरशासारखी असते. समोर जे असेल ते तिच्यात दिसतं. ओदीलच्या मागे गोणपाटाची भिंत होती. चमकेत एक खिडकी दिसत होती. उंच, अरुंद, आणि तिच्यातून फिकट उजेड येणारी. ओदील झटकन मागे वळली. भिंत. गोणपाट. पाणी ठिबकत होतं. परत फळीकडे बघितलं तर खिडकी होतीच.

ती बाहेर आली आणि नळाखाली तोंड धुतलं. भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, त्याची तिला जास्त लाज वाटली. तिला आनंद झाला होता. इतक्या महिन्यांनी त्याचा हात बघायला मिळाला होता.

गुरुवारी मालकीणबाई मादाम साल्वेर हातात नव्या नकाशांची गुंडाळी घेऊन आल्या. आता न्यूयॉर्कचेच नक्षीकार इकडे चित्रं पाठवत होते. पायऱ्या, कारंजी, सूर्यकिरणं, सगळं मापून रेखलेलं. "बघा, आपण त्यांना त्यांच्या इमारती विकल्या, आता ते आपल्याला आपले सूर्य विकतायत," मादाम म्हणाल्या. त्या खुशीत होत्या. "जेवणघर पसंत पडलं. काल तार आली. ओदील, साक्षी शनिवारी खरडून घ्या, ते लाकूड मला ह्यात हवंय."

"आणि थुआन? त्याच्याबद्दल काही?"

"तारेत एवढं कोण लिहितं? शेवटची फळी घोटून झाली म्हणजे येईलच की."

"बरा आहे ना तो?"

मादामनी तिच्याकडे जरा नवलानं बघितलं. "का, काही कळलं का तुम्हाला?"

ओदील म्हणाली, नाही. ती काय सांगणार? माझा नवरा तुमच्या कुलूपबंद खोलीत अर्ध्या तळव्यानं फळी घोटतोय, असं?

हाओकाकांनी तिला अंगणात गाठलं. "पोरी, मी खरडतो. तू त्या खोलीत जाऊ नकोस."

"का?"

"लाख बसेपर्यंत तिच्यात काय काय शिरतं ते कोणाला ठाऊक? आमच्याकडे ओल्या खोलीत रडू देत नाहीत, भांडू देत नाहीत. तू त्या साक्षीला थर दिलेस तेव्हा काय मनात होतं तुझ्या?"

थर दिले ते दिवस थुआनच्या जाण्याच्या आधीचे. तिच्या मनात एकच होतं आणि ते हाओकाकांनाही माहीत होतं. तो परत आला पाहिजे.

"उद्या घोटाई मधोमध पोचेल," ती म्हणाली. "आणि तिथे कोणी नसेल."

"नसू दे."

"काका, इतकी वर्षं तो मधे आला आणि मी नव्हते, असं कधी झालेलं नाही."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले, आणि मग तिच्या वाटेतून बाजूला झाला.

४

शुक्रवारी सकाळी तिनं अंगठी काढली, दार आतून लावलं, तळव्यावर तेल घेतलं, राख घेतली आणि उजव्या कडेनं सुरुवात केली. साक्षी घोटायची नसते. पण धंद्याचे नियम तिला आता कोण सांगणार होतं?

दुपारपर्यंत ती हरणांशी आली. तळवा तापला की लाखही तापते आणि मग काम आपसूक चालतं. तिच्या बाजूच्या चमकेत तीच दिसत होती: ॲप्रन, दिवा, विस्कटलेले केस. डाव्या बाजूच्या चमकेत ती दिसत नव्हती. तिथे ती खिडकी होती. तिथे सकाळ होती, कोवळी. इथली दुपार आणि तिथली सकाळ. खिडकीपाशी एक लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, आणि कोणीतरी पाठमोरं.

मध्ये मंद लाखेची बोटभर पट्टी उरली. ओदील थांबली. खोलीत फक्त पाण्याचा आवाज होता. मग त्या आवाजात दुसरा एक मिसळला, तो तिला झोपेतही ओळखू आला असता. कातडीचा आवाज. हुश्श, हुश्श. वर जाताना जरा बाहेर झुकणारा.

पट्टी डावीकडून पुसट होत गेली.

पळून जावं असं तिला वाटलंच नाही असं नाही. पण रीत ती रीत. तिनं तळवा पुसला आणि मधोमध फळीवर सपाट टेकला, कण तपासायला टेकतात तसा.

लाख गार हवी होती. ती गार नव्हती. तळव्याला तळवा लागला. अंगठ्याच्या बुडाशी थुआनला जो घट्टा होता तो लागला, आणि ओदीलला एकदम रडू फुटलं. कातडी तशीच, जाताना होती तशीच. त्यानं नेहमीसारखं हळू घासलं. अंगठा. तर्जनी. मधलं बोट.

आणि पुढे काही नव्हतं. ज्या बाजूला अनामिका आणि करंगळी असायला हवी, तिथे हात संपत होता. तिनं बोटं पसरून शोधलं, सगळीकडे शोधलं. नुसती गार लाख.

"थुआन," ती म्हणाली, "काय झालं रे हाताला?"

तळवा जरा वेळ तसाच राहिला, धीर द्यावा तसा, आणि मग सुटला. फळी ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखी चमकत होती. मधे जोड दिसत नव्हता. चमकेत भिंत होती, गोणपाट होतं आणि रडणारी ओदील होती.

५

शनिवारी संध्याकाळी मादाम तिला शोधत आल्या. दुसरी तार आली होती. थुआन बोटीवर चढला होता.

"धडधाकट आहे का? हात?"

"अहो, बोटीवर चढला म्हणजे धडधाकटच असेल! आणि साक्षी राहू द्या, तोच येऊन खरडेल."

बोट ल हाव्हर बंदराला लागायची आणि तिथून गाडीनं माणसं सँ-लाझार स्टेशनात यायची. तोवरचे दिवस ओदीलनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. बोटं गेलेला घोटाईवाला काय करणार? काही का करेना. टरफलं फोडेल, गोणपाटं भिजवेल, मी घोटेन. एवढंच, की जिवंत यावा. ती मनाशी सौदा करत होती आणि दर वेळी सौदा आणखी स्वस्तात सोडत होती.

गाडी आली. वाफेतून थुआन उतरला. अंगावर कोणाचा तरी मोठा अमेरिकन कोट, हातात लोकरी मोजे. तो हसला, काही बोलणार तोच ओदीलनं त्याचा डावा हात धरला आणि मोजा ओढून काढला.

पाच बोटं. अनामिकेत अंगठी. करंगळी थंडीनं लाल.

"अगं, आधी चुंबन तरी घे! लोक बघतायत. त्यांना वाटेल बाई मोजे चोरते."

ओदील त्याच्या कोटात तोंड खुपसून रडत होती, हसत होती, दोन्ही एकदम. मागे हाओकाका टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनीही त्याच्या हाताकडेच आधी बघितलं, आणि मग कुठे त्यांचा श्वास सुटला.

६

घरी तिनं लीकच्या पातीचं सूप केलं होतं आणि त्याच्यासाठी भात. थुआननं भातावर मासळीचं खारट पाणी ओतलं, एक घास घेतला, डोळे मिटले. मग बोलत सुटला.

"काय घरं त्यांची! भिंतीतून वाफेच्या नळ्या. बाहेर बर्फ आणि आत भट्टी. आपली लाख फुटायला लागली. मग मी जेवणघरात ओल्या चादरी टांगल्या. मालकीणबाई आली, म्हणते, हा माणूस माझ्या घरात धुणं का वाळत घालतोय? मी म्हटलं, बाई, वाळत नाही, भिजत घालतोय. तिनं नवऱ्याला बोलावलं."

ओदील पोट धरून हसली. किती दिवसांनी घरात आवाज होता.

"म्हणून उशीर झाला," तो म्हणाला. मग चमचा खाली ठेवला. "आणि एक सांगू? हसू नकोस."

"सांग."

"शेवटच्या फळीला मी डावीकडून लागलो. एकटाच होतो. सकाळी बघतो तर उजवी कड घोटलेली. रोज थोडी पुढे. हात तुझा. मला तुझा हात कळत नाही होय? मी घाबरलो नाही. मला बरं वाटलं. आपली ओदील सोबतीला आली, म्हटलं." तो थांबला. "मग मधे तळवा लागला."

ओदीलच्या हातातली पावाची सुरी तशीच राहिली. तिनं पाव कापायचं सोडून दिलं.

"म्हातारीचा होता गं. हाडं नुसती, कातडी कागदासारखी. पण तूच होतीस, त्यात शंका नाही. आणि तू घोटताना अंगठी कधी घालत नाहीस ना? घातलेली होती. दोन होत्या. एकावर एक, त्याच बोटात, दुसरी मोठी, सैल, फिरणारी." त्यानं तिच्याकडे बघितलं. "मला वाटलं तू आजारी पडलीस, वाळलीस. दुसऱ्या दिवशी बोटीचं तिकीट काढलं. दोन अंगठ्या कशाला घालशील तू?"

त्याच्या बोटातली अंगठी दिव्याच्या उजेडात पिवळी दिसत होती. ती तिच्या बोटाला मोठीच झाली असती.

"वेडा आहेस," ओदील म्हणाली. आवाज बराचसा नेहमीसारखा निघाला. "वाफेत बसून बसून डोकं उकडलंय तुझं."

"असेल. तुला इकडे काही नाही ना जाणवलं?"

त्याचा तळवा म्हातारा नव्हता, हे तिला तेव्हा आठवलं. त्याला लागलेला तिचा हात म्हातारा होता. तिला लागलेला त्याचा, आज होता तसाच, दोन बोटं सोडून.

"मला काय जाणवणार?" ती म्हणाली. "फळी आहे. काळी. भात गार होतोय."

"सोमवारी खरडून टाकतो ती."

"राहू दे ती. मादामना दुसरं लाकूड मिळेल."

त्यानं खांदे उडवले आणि जेवला. जेवण झाल्यावर तिनं खुर्ची जवळ ओढली, त्याचा डावा हात मांडीवर घेतला, आणि त्याच्या तळव्याला तळवा लावून हळू घासलं. अंगठा. तर्जनी. मधलं बोट. अनामिका. करंगळी. मग परत पहिल्यापासून.

"आज काम कुठे केलंय?" थुआन हसत म्हणाला. "काय शोधतेस?"

"कण."

"सापडला?"

"नाही," ओदील म्हणाली, आणि तिनं हात सोडला नाही.